‘देवाला ठाऊक आहे, मग मागता कशाला?’

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक संदेश फिरतो आहे. देवाला आपल्या गरजा आधीच ठाऊक असतात, म्हणून मागणे हा अविश्वास. नोकरी, घरभाडे, औषधपाणी मागणे हा स्वार्थ. तेच तेच मागणे ही बडबड. खरा विश्वासी आभार मानतो, ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणतो आणि उठतो. खाली जोडलेल्या हातांचे चित्र आणि ‘दहा जणांना पाठवा’. मला तो तीन ठिकाणांहून आला.

पहिला मुद्दा बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातला. आपण मागण्यापूर्वीच पित्याला आपली गरज ठाऊक असते, हे येशूनेच सांगितले आहे, आठव्या वचनात. लिहिणारा तिथेच थांबला. नवव्या वचनात येशू ‘म्हणून अशी प्रार्थना करा’ म्हणतो आणि प्रभूची प्रार्थना शिकवतो. ती जवळजवळ सगळी मागणीच आहे. तिच्यात आजची भाकर आहे, पापांची क्षमा आहे, आभाराचे मात्र एक वाक्यही नाही. आभार नकोत असे कोण म्हणतो? फिलिप्पै गावच्या मंडळीला पत्र लिहिताना प्रेषित पौल आभार आणि मागणी एकाच वाक्यात घालतो. पण पित्याला ठाऊक आहे यावरून येशूने ‘लांबण लावू नका’ एवढेच काढले, ‘मागू नका’ नव्हे.

स्वार्थाच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे. चैनीसाठी मागता म्हणून मिळत नाही, असे याकोब आपल्या पत्रात खडसावतो. पण त्याच्या आधीच्याच वचनात ‘मागत नाही म्हणून मिळत नाही’ असेही बजावतो. मार्काच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय तर या मुद्द्यासाठीच लिहिल्यासारखा वाटतो. याकोब (हा पत्र लिहिणारा नव्हे) आणि योहान हे शिष्य येशूकडे येतात. तो विचारतो, मी तुमच्यासाठी काय करावे? ते त्याच्या गौरवात उजवी-डावीकडच्या जागा मागतात. काय मागता ते तुम्हांला कळत नाही, असे तो सांगतो आणि त्या जागा देत नाही. पुढे यरीहोच्या रस्त्यावर आंधळा बार्तीमय ओरडू लागतो. लोक त्याला गप्प बसवू पाहतात. येशू त्याला बोलावून तोच प्रश्न विचारतो. समोरचा आंधळा आहे हे काय दिसत नव्हते? तरी त्याच्या तोंडून ऐकायचे होते. ‘मला दृष्टी यावी.’ दृष्टी आली. जागांची मागणी नाकारली गेली, पण मागितल्याबद्दल त्या दोघांनाही हाकलून दिले नाही.

आमच्याकडच्या घरोघरच्या प्रार्थनासभांत याचे उलटे रूप दिसते. प्रार्थनेचे विषय विचारले की ज्या बाईचे दोन महिन्यांचे भाडे थकले आहे तीच म्हणते, ‘विशेष काही नाही, सगळ्यांसाठी करा.’ असले संदेश वाचून तिचा संकोच आणखी वाढतो.

पंडिता रमाबाईंना असा संकोच नव्हता. ब्रिस्टलमध्ये हजारो अनाथ मुले सांभाळणाऱ्या जॉर्ज म्यूलरचे वृत्तान्त त्यांनी वाचले होते. म्यूलर माणसांकडे पैसे मागत नसे, देवाकडे मागे, आणि कशासाठी मागितले, काय मिळाले हे तारखेनिशी लिहून ठेवी. (त्याचे छापील वार्षिक अहवालही देणगीदारांपर्यंत पोचत, असे टीकाकार म्हणतात. पोचत होतेच.) १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली आणल्या आणि केडगावच्या ‘मुक्ती’ या आपल्या आश्रमात त्यांना आसरा दिला. इतक्या जणींचे रोजचे धान्य आणि पाणी हेच तिथे प्रार्थनेचे विषय होते. त्याला स्वार्थ कोण म्हणेल?

तेच तेच मागणे? लूकच्या शुभवर्तमानात, अकराव्या अध्यायात, येशूच्या दाखल्यातला माणूस मध्यरात्री मित्राचे दार ठोठावतो आणि उसन्या भाकरी मागतो, त्याही मोजून तीन. आतला म्हणतो, दार लावले आहे, मुले झोपली आहेत. तरी हा हटत नाही, आणि येशू त्याचीच बाजू घेतो.

राहिला ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ हा मुद्दा. हे शब्द येशूने अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत उच्चारले, पण त्याआधी ‘हा प्याला माझ्यावरून टळो’, म्हणजे पुढचे दुःख टळो, असे स्पष्ट मागितले. आणि मत्तय सांगतो की तिसऱ्यांदाही त्याने तेच शब्द उच्चारून प्रार्थना केली. मागणी गिळून टाकून नुसती शरणागती दाखवणे त्याने शिकवलेले नाही.

दुसऱ्या टोकाला ‘विश्वासाने मागा, मिळालेच पाहिजे’ म्हणणारे आहेत. मिळाले नाही की ते तुमच्या विश्वासात खोट काढतात. पौलाने ‘शरीरातला काटा’, म्हणजे त्याला छळणारी एक पीडा, निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनवले. काटा निघाला नाही, ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढेच उत्तर आले. त्याचा विश्वास कमी पडला, असे त्याला कुणी ऐकवले नाही.