चानी थंडीत झोपत नाही, अंथरूण घालते

थंडी पडली की चानीबद्दल, म्हणजे परसातल्या आपल्या पट्टेवाल्या खारीबद्दल, प्रश्न ठरलेला. "आठ वाजले तरी दिसत नाही, चानी निजली काय गो?" पाठोपाठ दुसरा: "घातलेले दाणे तिथेच खाते, पुरून का नाही ठेवत?" हे सगळं मोबाईलवर अमेरिकेतल्या खारी बघून सुचतं. तिकडे बर्फ पडतो, म्हणून ती करडी खार ओकची फळं जमिनीत पुरते. (हिवाळाभर झोपत तीसुद्धा नाही.) आपल्याकडे दापोलीत एखाद्या पहाटे पारा १० च्या आसपास उतरला, तरी ऊन आलं की जांभा दगडाचा चिरा तापतोच. परसात केळी, पेरू, चिकू. डिसेंबरपासून काजू-आंबा मोहोरतो, पुढे सावर आणि पांगारा. एवढं असताना साठवायचं कशाला?

उशीर होतो तो उबेमुळे. मूठभर अंगातली ऊब लगेच जाते, म्हणून ऊन येईपर्यंत ती घरटं सोडत नाही. मग गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, चारी पाय पसरून, पोट चिऱ्याला टेकवून पडते. आजारी नाही, शेक घेतेय. दोन पावलं पुढे टाका, पळाली की समजा ठणठणीत आहे.

थंडीतलं खरं काम घरट्याचं. काथ्याच्या पायपुसण्याचा कोपरा दातांत धरून मागे खेचते, सुटलेले धागे पुढच्या पायांनी गोळा करून दुमडते आणि तोंडात आडवे कोंबते. निघते तेव्हा दोन्ही बाजूंना झुपकेदार मिशा! घरटं म्हणजे विस्कटलेला गोळा, बाजूला भोक. बाहेरून काथ्या, गवत, केळीचं वाळकं सोपट; आत कापूस नि चिंध्या. पायपुसणं गेलं म्हणून चिडण्यापेक्षा नारळाचं एक सोडण (वरची साल) पिंजून गडग्यावर ठेवा. कुंपणाला बांधलेले माशांच्या जुन्या जाळ्यांचे तुकडे मात्र आधी काढा. काथ्या तुटतो, नायलॉन तुटत नाही. पिल्लाच्या पायाला गुंडाळला की पाय वाढतो तसा रुतत जातो.

पिल्लांचा हंगाम ठरावीक धरू नका. पाडेली (नारळ पाडणारा) माडावर झावळ्या साफ करायला चढला की आधी शेंड्यात बघायला सांगा. पिल्लू खाली पडलंच तर पहिल्यांदा मुंग्या झटका. थंड लागलं तर आधी ऊब द्या: कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची, अंगाला थेट लावायची नाही. मग खोक्यात जुनं सुती फडकं घालून त्यात ठेवा आणि खोकं त्याच झाडाला मांजर पोचणार नाही एवढ्या उंचीवर बांधा. बाजूला व्हा. दोन-तीन तास तरी द्या. आई तोंडात धरून दुसऱ्या घरट्यात नेते. माणसाचा हात लागला म्हणून टाकते, हा नुसता समज. अंधार पडला तर ती येणार नाही, पिल्लू रात्री घरात उबेत ठेवून उजाडल्यावर पुन्हा बाहेर. दुपारपर्यंत आली नाही तर वनखात्याला कळवा. गाईचं दूध पाजू नका: एक तर जुलाब लागतात, नाहीतर नाकातून फुफ्फुसात जातं. बहुतेक पिल्लं पडल्याने नाही, या मायेने जातात असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिला आळ. मोहोर गळला की चानीवर खापर. पानं चिकट होऊन पुढे काळी पडली असतील तर तुडतुडे (रस शोषणारे किडे) शोधा, मोहोरावर पांढरी भुकटी असेल तर भुरी रोग. चानी मोहोरात फिरते ती बरीचशी मध आणि किडे यांच्यासाठी. कोवळ्या नारळाला देठाजवळ भोक पडलेलं सापडलं तर आधी उंदीर आठवा. तो रात्री खातो, चानी तेव्हा घरट्यात असते. उंदरासाठी माडाला जमिनीपासून २ मीटरवर ४० सेंटिमीटर रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळतात. पण झावळ्या शेजारच्या माडाला टेकत असतील तर पत्र्याचे पैसे फुकट, तो वरच्या वाटेने येतो.