लेझीम बॅगेत का लपवावी लागली?

आज शालेय फुटबॉल स्पर्धेच्या मैदानावर माझ्या एका खेळाडूनं आपली लेझीम बॅगेत लपवली. घरी आल्यापासून घास उतरला नाही, म्हणून लिहायला बसलोय.

मॅचच्या आधी आमची १४ वर्षांखालची पोरं रोजच्यासारखी लेझमीवर अंग गरम करत होती. चार आवाज, मग पवित्रा, मग बैठक. कठड्यावरून एक पालक ओरडले, "सर, फुटबॉलला आणलीत का गॅदरिंगला?" सगळे हसले. शेजारच्या टीमचे प्रशिक्षकही हसले, ते जास्त लागलं. आमच्या डाव्या विंगरनं, म्हणजे डाव्या कडेनं चढाई करणाऱ्या पोरानं, हळूच साखळी गोळा केली, लेझीम टॉवेलखाली सारली आणि बॅगेची चेन ओढली. माझ्याकडं बघितलं पण नाही.

हसणाऱ्यांनो, या लेकराची गोष्ट ऐका.

दोन वर्षांपूर्वी सहावीत असताना तो माझ्याकडं आला. चेंडू पायाला चिकटलेला, पण दम नाही. मैदानाला चार फेऱ्या मार म्हटलं की तिसऱ्या फेरीला कमरेवर हात. मी त्याला आळशी म्हणायचो. त्याच वर्षी गणपती विसर्जनाला गावात मिरवणूक बघायला उभा राहिलो, तर हा लेझमीच्या पहिल्या रांगेत! मारुतीच्या पारापासून तळ्यापर्यंत, जवळपास तीन तास. हातात मोठ्या माणसांची जड साखळीची लेझीम. बसतोय, उठतोय, गिरकी घेतोय आणि तोंडावर हसू. सोमवारी विचारलं, "कामून रे, तिथं दम लागत न्हाई का?" म्हणला, "सर, पळताना मोजावं लागतंय. लेझमीत मोजायचं काम हलगी करती."

हे उत्तर डोक्यातून जाईना. फुटबॉलमध्ये एका चालीनं सलग पळतं तरी कोण? दहा पावलं झेप, थांब, वळ, मागं सरक, जरा चाल, पुन्हा झेप. हलगीचंही तेच. सावकाश सुरू होती, चढत जाती, पोरं घामानं निथळतात, मग एकदम उतरती, श्वास खाली बसतो, पुन्हा चढती. मोठ्या शहरातल्या अकॅडमीत याच गोष्टीला इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात आणि फी घेतात. बैठकीत मांड्या कामाला लागतात, पवित्र्यात कंबर आणि घोटे. आणि २२ जणांचं पाऊल एका ठोक्याला पडायचं तर मान वर ठेवावी लागती, शेजारचा कुठं आहे ते न बघता कळावं लागतं. पास द्यायला अजून काय लागतं?

फिफाचा, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा, स्वतःचा 'इलेव्हन प्लस' नावाचा वॉर्मअप आहे, साधारण २० मिनिटांचा. पळणं, एका पायावर तोल, उड्या, पळता पळता दिशा बदलणं. चांगलाच आहे, आम्ही तोही करतो. पण आमच्या काळ्या मातीच्या, उन्हाळ्यात भेगाळलेल्या मैदानावर सहावीच्या लेकरांना रोज आकडे मोजत ते करायला लावून बघा. दुसऱ्या आठवड्यात निम्मी गायब. लेझमीला न बोलावता येतात.

मुलींचं तर बोलायलाच नको. फुटबॉलमध्ये गुडघ्याचं लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारा पट्टा) मुलींचं मुलांपेक्षा जास्त वेळा दुखावतं. मांडी आणि तोल पक्का करणं हाच त्यावरचा मोठा उपाय. आणि आमच्या मुली महालक्ष्म्यांपुढं फुगडी, झिम्मा, पिंगा खेळत वाढल्यात. बसफुगडी घालून बघा एक मिनिट. उकिडवं बसून, पाय आळीपाळीनं पुढं टाकत. मग बोलू.

हो, लेझीम खेळून कुणाला ड्रिबलिंग, म्हणजे चेंडू पायाशी खेळवत पुढं नेणं, येत नाही. चेंडू चेंडूनंच शिकायचा. आणि आज आम्ही १-२ नं हरलो, तेही लिहितो. पण शेवटच्या मिनिटाला समोरची पोरं गुडघ्यावर हात टेकून उभी होती आणि आमचा डावा विंगर बचावाला मागं पळत होता. तोच, तिसऱ्या फेरीला थांबणारा.

ब्राझीलचा खेळाडू कमरेतून लचकून चकवा देतो तेव्हा हेच लोक टीव्हीपुढं टाळ्या वाजवतात. त्या डोलण्याला तिकडं जिंगा म्हणतात. कापोएरा या त्यांच्या नाचासारख्या झुंजीतलं ते मूळ पाऊल. त्यांचं ते कौशल्य आणि आमच्या पोरांचं गॅदरिंग? १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या सोहळ्यात लेझीम चालली, तालुक्याच्या मैदानावर मात्र तिचं हसू होतं!

लिहिता लिहिता त्या पालकांवरचा राग जरा उतरला. त्यांनी लेझीम बघितली असेल ती गॅदरिंगलाच. तिला तिथं कोंडलं आम्ही मास्तरांनी. २६ जानेवारी आली की काढायची, पाहुणे आले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पोरं उभी करायची, मग वर्षभर कुलपात. २०१७ ला १७ वर्षांखालच्यांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा शाळाशाळांत फुटबॉल वाटले गेले. आमच्या शाळेत पहिला खरा फुटबॉल तेव्हा आला आणि लेझमीच्याच खोलीत ठेवला. दोन्ही एकत्र बाहेर काढायचं मला त्या मिरवणुकीपर्यंत सुचलं नाही.

संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन आलो. बॅग अजून बंदच होती. त्याच्या मायनं चहा ठेवला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणला, "सर, उद्या हाय का?"

हाय म्हणलं. सकाळी सहाला. हलगीवाले मामा येणार आहेत. त्यांचं मानधन यंदापासून मी आणि दोन मित्र मिळून देतोय, फुकटात वाजवून घेणं बंद. शाळेतल्या २४ पैकी ९ लेझमींच्या साखळ्या तुटल्यात. कुणाच्या जुन्या वाड्यात, माळ्यावर पडून असतील तर कळवा. गंजलेल्या चालतील, वेल्डिंग मी करून घेतो. न्यायला मीच येईन.