कॉम्प्युटरचा लेखी पेपर

कॉम्प्युटर शिकायला कॉम्प्युटर लागतो, हा माझा गैरसमज बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी पार फिटला. २००१ च्या आसपासची गोष्ट. 'कॉम्प्युटर सिस्टिम्स अँड ॲप्लिकेशन्स' हा विषय घेतला, कारण घरच्यांच्या मते पुढे त्यालाच भाव होता. पहिल्या तासाला आणायला सांगितलं काय, तर दोनशे पानी वही, पट्टी, पेन्सिल आणि एक पान रेघांचं, एक कोरं असलेलं जर्नल. कोऱ्या पानावर की-बोर्डची आकृती काढायची होती. सगळ्या बटणांसह. माझी स्पेस बार तिरकी गेली म्हणून मॅडमनी जर्नल परत केलं.

सुरुवात अर्थातच कॉम्प्युटरच्या पिढ्यांपासून. व्हॅक्यूम ट्यूब, ट्रान्झिस्टर, आयसी, मायक्रोप्रोसेसर. एनिआक हा पहिल्या पिढीतला कॉम्प्युटर १९४६ चा, त्यात सुमारे अठरा हजार ट्यूब, वजन जवळपास २७ टन, हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पुण्यात सी-डॅक या सरकारी संस्थेने १९९१ मध्येच 'परम ८०००' हा सुपरकॉम्प्युटर उभा केला होता, आमच्या गावाहून एसटीने सकाळी निघालं की दुपारी पोचता येईल इतक्या अंतरावर. पण पुस्तकाला त्याचा पत्ता नव्हता. ते अजून ट्यूबाच मोजत होतं.

लॅबमध्ये प्रवेश चपला काढून. धूळ गेली तर मशीन बिघडतं, असं लॅबचे काका सांगत. मॉनिटरवर रेक्झिनची कव्हरं, ती काढून घडी करून ठेवायची आणि तास संपला की परत घालायची; यात तासातली दहा मिनिटं जात. खंडेनवमीला मात्र याच मशीनवर झेंडूच्या माळा चढत आणि सीपीयूवर मनसोक्त हळदकुंकू. धुळीला बंदी होती, कुंकवाला नव्हती. दसऱ्यानंतर एका फ्लॉपी ड्राइव्हमधून बाहेर आलेली प्रत्येक फ्लॉपी सवाष्ण होऊन यायची.

एका मशीनला तिघे. की-बोर्ड जिने टायपिंगचा क्लास केलाय तिच्याकडे, माउस जो आधी पोचेल त्याच्याकडे, आणि तिसरा निरीक्षक. माझं सगळं संगणकीय शिक्षण निरीक्षक म्हणून झालं. त्यात माउसच्या पोटातला गोळा कोणीतरी काढून खिशात घालायचं, मग माउस हातात असूनही नसल्यासारखा. काका दर सोमवारी गोळे मोजत.

फ्लॉपीवर, म्हणजे फायली साठवायच्या त्या चौकोनी चकतीवर, तर प्रबंध होईल. १.४४ मेगाबाइट, असं वहीत लिहून घेतलं. त्याच पानावर एक किलोबाइट म्हणजे १०२४ बाइट आणि एक मेगाबाइट म्हणजे १०२४ किलोबाइट, हेही. आम्ही कॉमर्सवाले, हिशेब लावून बघितला. फ्लॉपीत १४४० किलोबाइट, म्हणजे १४,७४,५६० बाइट. हे १०२४ च्या हिशेबाने १.४१ मेगाबाइट होतात, हजाराच्या हिशेबाने १.४७. १.४४ काही केल्या येईना. कारण एवढंच की एका पायरीला १०२४ धरलेत आणि दुसऱ्या पायरीला १०००. आमच्या अकाउंट्सच्या सरांनी असा ताळेबंद बघून वही खिडकीबाहेर फेकली असती. मॅडम म्हणाल्या, "परीक्षेत १.४४ लिहा."

बायनरी तेवढी आवडली. तेराचे ११०१ करायला वीज लागत नाही.

इकडे गल्लीत माझी ख्याती पसरली होती. शेजारच्या काकूंनी मुलीची जन्मवेळ चिठ्ठीवर लिहून दिली आणि म्हणाल्या, "कॉलेजात जातोच आहेस, तर हिची पत्रिका कॉम्प्युटरवर काढून आण." मी त्यांना सांगितलं, की आम्हाला अजून मशीन चालू करायची परवानगी नाही. त्यांना वाटलं, मी पैसे मागतोय.

वर्षअखेरीला लेखी पेपर. 'वर्डमध्ये मेल मर्ज करण्याच्या पायऱ्या सविस्तर लिहा.' मेल मर्ज म्हणजे एकच पत्र यादीतल्या प्रत्येकाच्या नावाने तयार करणं. हा प्रश्न मी पुरवणी जोडून लिहिला. कुठला मेनू उघडायचा, मग काय निवडायचं, मग ओके. मेल मर्ज मी तोवर कधी पाहिलं नव्हतं, तरी ते माझ्या उत्तरपत्रिकेत कधी हँग झालं नाही.

प्रॅक्टिकलला बाहेरगावचे एक्स्टर्नल आले. पोहे झाले, चहा झाला, डॉसच्या, म्हणजे टाइप करून मशीनला द्यायच्या, कमांडच्या चिठ्ठ्या वाटल्या आणि लाइट गेली. यूपीएस थोडा वेळ केकाटला आणि गप्प झाला. तासभर वाट पाहिली. एक्स्टर्नलना संध्याकाळची एसटी गाठायची होती. शेवटी ते म्हणाले, "असं करा, कमांड कागदावर लिहा, आणि खाली आउटपुट काय आलं असतं तेही लिहा."

मग काय, सगळ्या वर्गाची आउटपुटं आली. फायली कॉपी झाल्या, डिरेक्टऱ्या बनल्या, जागा किती शिल्लक तेही आकड्यांत आलं, प्रत्येकाचा आकडा वेगळा. एवढी निर्दोष चालणारी मशीनं त्या लॅबने कधी पाहिली नसतील. माझ्या शेजारच्याने मात्र कमांड लिहून खाली फक्त 'बॅड कमांड ऑर फाइल नेम', हा कमांड चुकली की मशीन द्यायचं तो शेरा, एवढंच लिहिलं. एक्स्टर्नलनी कागद वर धरून सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, "हा एकटाच खरंच कॉम्प्युटरवर बसलेला दिसतोय." त्याला पैकीच्या पैकी मिळाले.