‘काकू, तुम्ही घर मोडलंत’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया मी ह्यांनाही वाचून दाखवली. ऐकून हे म्हणाले, “रागावलाय, पण आईवडिलांच्या काळजीनं रागावलाय. नीट उत्तर दे त्याला.” म्हणून हे उत्तर लांबलंय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. नागपुरातलं त्रिमूर्तीनगरचं घर विकून आम्ही दोघं वर्धा रोडकडे, ज्येष्ठांसाठीच बांधलेल्या वसाहतीत, एका बेडरूमच्या घरात राहायला आलो. त्यावर मी मागच्या महिन्यात लिहिलं होतं. ते वाचून पुण्यात राहणाऱ्या या वाचकांनी मला खडसावलं आहे. त्यांचे आईवडील प्रतापनगरला राहतात, वडील ७८ वर्षांचे, आई ७३. माझा लेख वाचून आईनं घर विकायचा विषय काढला. ते लिहितात, “काकू, तुम्ही घर मोडलंत आणि वर त्याला शहाणपण म्हणता. कितीही गोड नाव दिलं तरी हा वृद्धाश्रमच. नातवंडांनी उतरायचं कुठे? आणि तुमच्यासारखी पेन्शन सगळ्यांना असते का?” शिवाय त्यांचं म्हणणं असं की, आईवडिलांनी घर आत्ताच मुलाच्या नावावर करून द्यावं, म्हणजे विकायचा प्रश्नच उरणार नाही.

‘मोडलंत’ या शब्दापासूनच सुरुवात करते, कारण तो खरा आहे. आमचं घर ज्यांनी घेतलं त्यांना तिथे राहायचं नव्हतं. नागपूरच्या जुन्या लेआउटमधला तीन हजार फुटांचा प्लॉट म्हटलं की घेणारा बहुतेक फ्लॅट स्कीमवालाच असतो. विसार घेतानाच आम्हाला हे ठाऊक होतं आणि लेखात मी ते गाळलं. गाळायला नको होतं. चार महिन्यांनी ऑटोतून त्या रस्त्यानं जाणं झालं. घर पाडून झालं होतं. स्वयंपाकघराची एक भिंत तेवढी उभी होती, निळ्या टाइल्सची, आणि तिच्यावर कालनिर्णयचा खिळा तसाच. पारिजातक गेलेला. १९८९ साली ए.जी. म्हणजे महालेखाकार ऑफिसातून घरबांधणीची उचल घेऊन ते घर बांधलं होतं. हप्ता कापून हातात इतकं कमी यायचं की पहिली दोन वर्षं पंखा एकाच खोलीत होता. मी ऑटो थांबवला नाही. त्या रात्री जेवण गेलं नाही. हे दुःख अजून आहे, आणि तुमच्या आईनं घर विकलं तर त्यांनाही होईल. ते होणार नाही असं त्यांना कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू देऊ नका.

तरीही पुन्हा ठरवायची वेळ आली तर मी हेच ठरवीन. त्याचं कारण कूलर.

तुम्ही नागपूरचेच, तुम्हाला वेगळं सांगायला नको. चैत्र लागला की माळ्यावरून ताट्या काढायच्या, टाक्या घासायच्या, खिडकीशी स्टँड लावायचे आणि मग पाऊस येईपर्यंत दिवसातून दोनदा पाइप धरून पाणी भरायचं. मे २०२३ मध्ये मुलगी नातींना घेऊन येणार होती. वरच्या मजल्यावरची खोली आम्ही वर्षभर बंदच ठेवायचो. तिथला कूलर हे स्टुलावर चढून लावत होते. गॅलरीत पाणी सांडलेलं होतं. खुबा मोडला. ह्यांचं वय तेव्हा ७३.

ऑपरेशन चांगलं झालं. खरा त्रास घरी आल्यावर सुरू झाला. व्हीलचेअर न्हाणीघराच्या दाराशी अडली. १९८९ च्या गवंड्यानं दार २४ इंचांचं ठेवलं होतं, आणि तेव्हा आम्ही पस्तिशीत, कोण मोजतं? पुढचे दोन महिने ह्यांना खोलीतच प्लॅस्टिक अंथरून स्पंज केला. मोठ्यानं बोलणारा, सगळ्या गल्लीला ओळखणारा हा माणूस त्या दिवसांत माझ्याकडे बघायचं टाळायचा. ते मी विसरू शकत नाही.

त्या दोन महिन्यांत आम्ही एक खोली, स्वयंपाकघर आणि पुढची छपरी एवढंच वापरलं. बाकी चार खोल्या होत्या, पण त्यांतला केरसुद्धा बाईला आठवण करून दिली तरच निघायचा. लहान घरात आम्ही आधीच राहायला गेलो होतो, फक्त त्याच्याभोवती मोठ्या घराच्या भिंती होत्या आणि त्यांचा टॅक्स, गळती, रंग, कंपाउंडवरून उड्या मारणारी मांजरं आणि रात्रीची भीती हे सगळं आमच्या माथी होतं.

आणि एक गोष्ट लेखात लिहायचा धीर झाला नाही, ती आता लिहिते. आम्हा दोघांपैकी एक जण आधी जाणार. हे आधी गेले तर त्रिमूर्तीनगरच्या घरात मी एकटी काय करणार होते? मी आधी गेले तर यांना भाजी कोणत्या डब्यात ठेवतात तेही माहीत नाही. आम्ही घर दोघांसाठी शोधलंच नाही. मागे जो एकटा राहील त्याच्यासाठी शोधलं. ही अट धरली की निम्मी घरं आपोआप गळतात. आणि हा निर्णय दोघांचे हातपाय चालतात तोवरच घ्यायचा असतो. त्यानंतर तो मुलं घेतात, आयसीयूच्या बाहेर उभं राहून, दोन दिवसांची रजा टाकून. तुम्हाला तसं करावं लागू नये.

आता ‘वृद्धाश्रम’. हा शब्द तुम्ही दुखवायला वापरलात असं मी मानत नाही, पण यात गल्लत आहे. ज्येष्ठांच्या वसाहतींत निदान तीन तऱ्हा आहेत. एकात घर तुमच्या नावावर रजिस्टर होतं. दुसरीत मोठी अनामत भरून हयातभर राहायचं आणि नंतर ठरलेली वजावट करून ती परत मिळते. तिसरीत दरमहा पैसे भरून राहायचं. आमचं घर पहिल्या तऱ्हेचं आहे. विक्रीपत्र आमच्या दोघांच्या नावावर, किल्ली आमची, स्वयंपाकघर आमचं. मनात आलं की सांबारवडी (आपली कोथिंबिरीची) तळते, नसलं तर खाली भोजनगृहात जेवतो. बाथरूमला, दिवाणाला आणीबाणीची घंटा आहे, नर्स खालीच असते, लिफ्टला जनरेटर आहे.

दुसऱ्या तऱ्हेला मी नावं ठेवत नाही, पण तिच्या करारात अनामत किती दिवसांत परत, कोणाला परत, काय कापून, ही तीन उत्तरं लेखी नसतील तर उठून यावं. आम्ही एका ठिकाणाहून असेच उठून आलो. तिथल्या माणसानं ‘काकू, विश्वास ठेवा’ म्हटलं होतं.

मे २०२४ मध्ये महारेरानं, म्हणजे राज्यातल्या बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणानं, ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम काढले, तेव्हा आमचा शोध चालूच होता. त्यात दारांची रुंदी निदान ९०० मिलिमीटर, न घसरणारी फरशी, न्हाणीघरात धरायला दांडे, उंबरठे-पायऱ्यांऐवजी उतार, व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट, असं सगळं आलंय. ९०० मिलिमीटर म्हणजे ३५ इंच. त्या २४ इंची दारानं मला जे शिकवलं होतं तेच सरकारी कागदावर छापून आलं होतं. मी ते वाचून पर्समध्ये मोजपट्टी ठेवायला लागले. ‘सीनियर लिव्हिंग’ची पाटी लावलेल्या इमारतीतही मला २८ इंची न्हाणीघरं सापडली.

नातवंडांचं तुम्ही लिहिलंत ते मला सगळ्यात जास्त लागलं. सगळी नोकरी ऑडिटात गेली, म्हणून सवयीनं हिशेब मांडला. मागच्या पाच वर्षांत मुलगा आणि मुलगी मिळून वर्षाला सरासरी १२ दिवस नागपुरात असायचे. ही तक्रार नाही. त्यांच्या नोकऱ्या, मुलींच्या शाळा, सगळं मला दिसतं. पण १२ दिवसांसाठी उरलेले ३५३ दिवस आम्ही त्या चार खोल्या झाडत होतो आणि त्या १२ दिवसांच्याच तयारीत खुबा मोडला. आता मुलं आली की वसाहतीतली पाहुण्यांची खोली भाड्यानं घेतो. धाकटी नात मात्र आमच्या हॉलमध्येच गादी टाकून झोपते, आजोबांच्या पायाशी. तान्ह्या पोळ्याला शेजारच्या लेआउटमधली पोरं लाकडी बैल घेऊन आमच्या आवारात आली होती. ह्यांनी वॉकर धरून प्रत्येक बैलाला ओवाळायला लावलं आणि पोरांच्या हातावर बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, ठेवला. आजोळ भिंतींत नसतं असं काही मी म्हणणार नाही. थोडं भिंतींतही असतं. मोठ्या नातीनं जिन्याच्या कठड्याबद्दल विचारलं, ज्यावरून ती घसरायची, तेव्हा मला उत्तर देता आलं नाही.

पैशाबद्दल तुम्ही बरोबर आहात. माझ्या लेखात ती मोठी उणीव होती. मला पेन्शन आहे, ह्यांना आहे, विकायला स्वतःचा प्लॉट होता. ज्यांना यातलं काहीच नाही त्यांना माझा लेख उपयोगाचा नाही, हे मी तिथे स्पष्ट म्हणायला हवं होतं. दरमहाचं सेवाशुल्कही मी लिहिलं नव्हतं. जेवण धरून ते आमच्या जुन्या घरखर्चापेक्षा जास्त आहे आणि दरवर्षी वाढतं. शिवाय अशी घरं साध्या फ्लॅटसारखी विकली जात नाहीत. राहणारा ठरावीक वयाच्या वरचाच हवा अशी अट असते, म्हणून घेणारे थोडे. तुम्हाला वारशानं ते घर मिळालं तर विकता येईल, भाड्यानं देता येईल, पण तुम्ही स्वतः राहायला जाऊ शकणार नाही. हे आईनं विचारात घ्यायलाच हवं.

तुमच्या घरचे कागद मी पाहिलेले नाहीत, पण प्रतापनगर भागातला प्लॉट म्हणजे एकतर नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) लीजचा किंवा आरएल लेटरचा, म्हणजे प्लॉट नियमित केल्याच्या पत्राचा, असण्याची शक्यता आहे. लीजचा असेल तर नूतनीकरण झालंय का आणि हस्तांतराला नासुप्रची परवानगी लागेल का, हे आधी बघा. आम्हाला त्या एका कागदापायी सात महिने थांबावं लागलं, गिऱ्हाईक जवळजवळ गेलंच होतं. दुसरं, मोठं विकून लहान घेतलं की सगळा नफा नव्या घरात मावत नाही. घर विकल्यावर दोन वर्षांत दुसरं घेतलं तर त्यात गुंतवलेल्या नफ्यापुरता भांडवली नफ्यावरचा कर वाचतो, उरलेल्यावर लागतो. तो वाचवायला सहा महिन्यांच्या आत ठरावीक बाँडमध्ये ५० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते, पण ती पाच वर्षं अडकते. सत्तरीनंतर पाच वर्षं हा लहान काळ नाही. आम्ही बाँडमध्ये थोडीच ठेवली, उरलेल्यावर कर भरला आणि पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत दोघांच्या नावानं पैसे टाकले. तिथे एकाला ३० लाखांची मर्यादा आहे, व्याज दर तिमाहीला हातात येतं. आमचं सेवाशुल्क त्यातून जातं.

आणि आता बक्षीसपत्र, म्हणजे घर आत्ताच मुलाच्या नावावर करून देणं. इथे मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही, आणि हे तुमच्यावरच्या अविश्वासातून म्हणत नाही. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला बक्षीस द्यायचं तर मूळ मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये आहे. इतकं सोपं आहे म्हणूनच भीती वाटते. एकदा सही झाली की घर तुमचं आणि आईवडील तुमच्याकडे राहणारे. तुम्ही चांगले आहात, पण आयुष्यात कर्ज येतं, आजारपण येतं, कुणाचं काय होईल सांगता येत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ आईवडिलांच्या बाजूनं आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळलं नाही तर, न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकतं. पण ती अट कागदावर हवी, आणि ७८ व्या वर्षी दाद मागायला स्वतःच्या मुलाविरुद्ध उभं राहावं लागतं. आईवडिलांना द्यायचंच असेल तर मृत्युपत्र करावं. ते कितीही वेळा बदलता येतं आणि तोवर घर त्यांचंच राहतं.

तुमची आई घर विकायचं म्हणते म्हणजे तुमच्यावर रुसली आहे, असं तुमच्या प्रतिक्रियेच्या ओळीओळीत दिसतं. मला तसं वाटत नाही. त्यांना फोनवर ‘का’ विचारू नका, त्या ‘काही नाही रे, असंच’ म्हणतील. दिवाळीला घरी जाल तेव्हा त्यांच्यामागे दिवसभर नुसतं हिंडा. जिना चढताना कठडा कुठे धरतात, अंघोळीला जाताना दाराला कडी लावतात की नाही, रात्री कुठल्या खोलीचा दिवा चालू ठेवून झोपतात, ते बघा. मी तर दीड वर्ष कडी लावत नव्हते आणि मुलांना सांगितलं नव्हतं. तेवढं बघून, त्यांच्याशी बोलून, त्यांनी तिथेच राहायचं ठरवलं तर उत्तमच. मग दार मोठं करून घ्या, न्हाणीघरात दांडे लावा, खालीच एक खोली नीट करा, कूलर भरायला माणूस लावा. सगळ्यांनीच माझ्यासारखं विकावं असं मला मुळीच वाटत नाही.

आणि विकायचं ठरलं तर घरं मे महिन्यात बघा, दुपारी तीनला. पश्चिमेच्या भिंतीला हात लावा, सगळ्यात वरचा मजला असेल तर सोडून द्या, पाणी नळाचं की टँकरचं ते बाहेरच्या चहावाल्याला विचारा.

दिवाळीत दोघांना घेऊन आमच्याकडे या. सकाळी दहाच्या आत या, नंतर हे फिजिओथेरपीला खाली जातात. गेटवर वही असते, तिथे माझा घर क्रमांक लिहा, तो मी तुम्हाला मेलवर कळवते. वडिलांना मुद्दाम आमचं न्हाणीघर दाखवायचं आहे. मोजपट्टी माझ्याकडे आहे.