हाल सोसले म्हणून पोरं घडत नाहीत

एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय. लहानपणी हाल सोसलेलीच पोरं पुढे कणखर होतात, कल्टमध्ये, म्हणजे एका गुरूच्या मुठीतल्या बंदिस्त पंथात, वाढलेली मुलंसुद्धा डॉक्टर झाली, एवढं वाईट असतं तर पळून गेली असती, आणि खरंच काही घडलं असतं तर कोर्टाने सोडलं असतं का. मला यातलं काहीच पटत नाही, ऑस्ट्रेलियातल्या 'द फॅमिली' नावाच्या कल्टचं प्रकरण ज्याला माहितीये त्याला पटणारच नाही.

आधी पळून जायचं बघू. मेलबर्नला योग शिकवणारी ॲन हॅमिल्टन-बर्न ही या कल्टची प्रमुख, हिच्या भक्तांमध्ये डॉक्टर होते, नर्स होत्या, त्यांच्या मदतीने खोटी कागदपत्रं करून हिने तान्ही बाळं मिळवली आणि त्यांना सांगितलं की मीच तुमची आई. ईल्डन तलावाजवळच्या घरात ठेवलेलं, केस ब्लीच करून सोनेरी, सगळ्यांना एकसारखे कपडे, शाळा घरातच, पोटभर जेवण नाही, चुकलं की डोकं पाण्याच्या बादलीत दाबायचे, गप्प ठेवायला गोळ्या आणि वयात आल्यावर एलएसडी, म्हणजे भास घडवणारं ड्रग. बाहेरचं कोणी आलं की लपून बसायचं. ज्या लेकराला स्वतःची खरी आईच माहीत नाही ते पळून कोणाकडे जाणार हो?

आता ते डॉक्टर झाल्याचं. हो, त्यातली सारा डॉक्टर झाली. पण कधी? तिला तिथून हाकलल्यावर बाहेरच्या माणसांनी तिचं ऐकून घेतलं, ती पोलिसांशी बोलली, ऑगस्ट १९८७ मध्ये धाड पडली आणि मुलं बाहेर आली, त्यानंतर. तिला हात दिला तो बाहेरच्यांनी, बादलीने नाही! आणि डिग्री मिळाली म्हणून सगळं भरून निघालं असंही झालं नाही, मानसिक आजाराशी ती पुढे कितीतरी वर्षं झगडत होती, २०१६ मध्ये गेली. तिच्या जिद्दीचं श्रेय तिला छळणाऱ्यांच्या खात्यावर टाकू नका, प्लीज.

कणखर होण्याबद्दल एवढंच, जी मुलं कोलमडली त्यांच्यावर कोणी मेसेज बनवत नाही.

राहिलं कोर्ट. ॲन आणि तिचा नवरा १९९३ मध्ये अमेरिकेत पकडले गेले, ऑस्ट्रेलियात आणले, आणि शेवटी गुन्हा सिद्ध झाला तो फक्त खोट्या नोंदीचा, दंड प्रत्येकी ५००० डॉलर. मारहाणीचा, उपासमारीचा, औषधांचा हिशोब कोर्टात झालाच नाही. बाई २०१९ मध्ये ९७ व्या वर्षी वारली, एक दिवसही तुरुंगाची शिक्षा न होता.