केळ्यातले सेरोटोनिन बाळाच्या मेंदूत पोचत नाही

गेल्या महिन्यात गुहागर तालुक्यातील एका वाडीत डोहाळजेवणाला गेले होते. ओटी भरून झाल्यावर एका वहिनींनी मोबाइलवर आलेला संदेश सर्वांना मोठ्याने वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी दुपारी सातव्या महिन्यातल्या त्या मुलीने समोरचे बांगड्याचे तिखले बाजूला सारले आणि वेलची केळ्यांची फणी पुढ्यात ओढली. तो संदेश मी मागून घेतला आणि नीट वाचला. त्यातील विधाने थोडक्यात अशी: आई आनंदी असली की तिच्या मेंदूतील सेरोटोनिन (चेतापेशींमध्ये संदेश नेणारे एक रसायन) नाळेतून बाळाच्या मेंदूत जाते; केळ्यात सेरोटोनिन भरपूर असल्याने रोज चार केळी खावीत आणि ‘उष्ण’ म्हणून मासे बंद करावेत; सेरोटोनिन जितके जास्त तितके बाळ हुशार व शांत निपजते; आणि उदासीवरच्या गोळ्या गरोदरपणात ताबडतोब थांबवाव्यात. सेरोटोनिनचा गर्भातील मेंदूच्या घडणीशी खरोखरच जवळचा संबंध आहे, आणि त्यामुळेच हा संदेश पटकन खरा वाटतो. जीवशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले असल्याने त्याचे उत्तर देणे मला माझे कर्तव्य वाटते.

पहिले विधान आईच्या मेंदूतील सेरोटोनिनचे. आपल्या शरीरातील नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात तयार होते, आणि रक्तात ते मुख्यतः बिंबाणूंमध्ये (प्लेटलेट्समध्ये) साठवलेले असते. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये जो अडथळा असतो तो ओलांडून सेरोटोनिन सहजासहजी इकडून तिकडे जात नाही, म्हणून मेंदू आपल्यापुरते सेरोटोनिन ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून स्वतःच बनवतो. तेव्हा आईच्या मेंदूतील सेरोटोनिन नाळेवाटे बाळाला मिळते, हे म्हणणे टिकत नाही. २०११ साली उंदरांवर झालेल्या संशोधनात मात्र असे दिसले की गर्भावस्थेच्या सुरुवातीच्या काळात वार (नाळेने गर्भाशी जोडलेला, त्याला पोसणारा अवयव) स्वतः आईकडून आलेल्या ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन बनवते आणि ते गर्भाच्या मेंदूच्या पुढच्या भागात पोचते. माणसाच्या वारेत ते तयार होते की आईच्या रक्तातून उचलले जाते, याबद्दल संशोधकांत मतभेद आहेत. परंतु यापैकी कोणत्याही मतात आईच्या हसण्या-रडण्याची नळी थेट बाळाच्या मेंदूला जोडलेली नाही. शिवाय मानवी गर्भाच्या मेंदूच्या देठात सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी पाचव्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतात. पुष्कळ बायकांना तेव्हा दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते.

केळ्यांविषयी फार लिहायला नको. केळ्यात सेरोटोनिन असते हे खरे आहे; पण ते खाल्ल्यावर शरीर त्याचे विघटन करते आणि उरलेले द्रव्य लघवीवाटे निघून जाते. म्हणूनच काही विशिष्ट गाठींच्या निदानासाठी लघवीची तपासणी करायची असेल, तर आधी केळी, अननस, अक्रोड खाऊ नयेत असे सांगतात. उपयोगी पडते ते ट्रिप्टोफॅन. चार लहान वेलची केळ्यांतून ते वीसएक मिलिग्रॅम मिळेल, तर शंभर ग्रॅम बांगड्यातून त्याच्या सुमारे दहापट. म्हणजे त्या मुलीने जे बाजूला सारले तेच संदेशाच्या हेतूला अधिक जवळचे होते. बांगडा, तारली, अंडी, कुळथाची पिठी हे आपले नेहमीचे जेवण ट्रिप्टोफॅनसाठी पुरेसे आहे. सावध राहायचे ते मुशीसारख्या मोठ्या शिकारी माशांबाबत, कारण त्यांच्या अंगात पारा साठतो. बाळंतिणीला दूध यावे म्हणून मोरी, म्हणजे मुशीच, खाऊ घालण्याची आपल्याकडे रीत आहे, तिचाही यासाठी फेरविचार व्हावा असे मला वाटते.

तिसरे विधान, ‘जितके जास्त तितके चांगले’, सर्वांत चुकीचे आहे. चिऱ्याची भिंत रचताना गवंडी ओळंबा धरतो. भिंत चिऱ्यांची असते, ओळंब्याची नव्हे. ओळंबा फक्त कोणता चिरा कुठे बसावा हे सांगतो. गर्भाच्या मेंदूत सेरोटोनिनचे काम बरेचसे असेच आहे. चेतापेशींचे विभाजन, त्यांचे आपापल्या थरापर्यंतचे स्थलांतर, त्यांच्या तंतूंनी कोणत्या दिशेने वाढावे, हे ठरवणाऱ्या अनेक संकेतांपैकी तो एक संकेत आहे.

याचे अत्यंत स्पष्ट उदाहरण उंदराच्या मिश्यांचे आहे. उंदीर मिश्यांनी चाचपडत जग ओळखतो, आणि त्याच्या मेंदूच्या सालीत प्रत्येक मिशीसाठी पेशींचा एकेक वेगळा पुंजका असतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे पुंजके मिश्यांच्याच क्रमाने, ओळीने मांडलेल्या पिंपांसारखे दिसतात. वूल्सी आणि व्हान डेर लूस यांनी १९७० साली त्यांचे वर्णन केले. पुढे १९९५-९६ मध्ये अशा उंदरांचा अभ्यास झाला ज्यांच्यात सेरोटोनिनचे विघटन करणारे मोनोअमाइन ऑक्सिडेज ए हे विकर (एन्झाइम) नव्हते. त्यांच्या पिल्लांच्या मेंदूत सेरोटोनिन नऊपटीपर्यंत वाढलेले आढळले, आणि त्या पिल्लांत हे पुंजके तयारच झाले नाहीत. मिशीकडून येणारे तंतू पोचत होते, पण एकमेकांपासून वेगळे न होता सरमिसळ पसरत होते. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत औषध देऊन सेरोटोनिनची निर्मिती रोखली, तेव्हा पुंजके पुन्हा उमटले. उलट, मेंदूत सेरोटोनिन जवळजवळ बनतच नाही असे उंदीरही प्रयोगशाळेत तयार केले गेले आहेत; त्यांच्या मेंदूची ढोबळ रचना बरीचशी नीट असते, पण पिल्ले खुरटतात आणि त्यांपैकी बरीच लवकर दगावतात. तेव्हा सेरोटोनिन कमी पडूनही चालत नाही आणि जास्त होऊनही चालत नाही.

शेवटचे विधान गोळ्यांचे, आणि मला खरी चिंता आहे ती त्याचीच. त्या संध्याकाळी शेजारची एक सून पडवीत माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, “काकू, माझी गोळी चालू आहे. आजपासून बंद करू का?” प्रश्न निराधार नव्हता. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या पिल्लांना चौथ्या ते एकविसाव्या दिवसापर्यंत फ्लुऑक्सेटिन हे सेरोटोनिनवर काम करणारे उदासीवरचे औषध दिले असता मोठेपणी त्यांच्यात भित्रेपणासारखी लक्षणे दिसली होती. पण उंदरावरून माणसाविषयी थेट निष्कर्ष काढता येत नाही. २०१७ मधील दोन मोठ्या अभ्यासांत एकाच आईच्या मुलांची तुलना केली, ज्यांपैकी एकाच्या वेळी आई नैराश्याचे औषध घेत होती आणि दुसऱ्याच्या वेळी नव्हती. तेव्हा मुलांच्या स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) एरवी दिसणारा औषधाचा संबंध ठळकपणे उरला नाही. उपचाराविना राहिलेल्या नैराश्याचेही दुष्परिणाम असतात: वेळेआधी प्रसूती होणे, बाळाचे वजन कमी भरणे, आईचे खाणे-झोपणे बिघडणे, आणि कधीकधी तिच्या जिवालाच धोका. गोळी एकदम तोडली तर आजार उलटण्याची शक्यता वाढते. कोणते औषध, किती मात्रेत आणि कधीपर्यंत घ्यायचे, हे मनोविकारतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ यांनी त्या बाईशी बोलून ठरवायचे असते. जवळ तज्ज्ञ नसेल तर १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या, क्रमांकावर बोलता येते.

मी तिला एवढेच सांगितले की डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी चुकवू नकोस. तिने पदराच्या टोकाला बांधलेली गोळ्यांची पट्टी सोडून मला दाखवली; त्या दिवशीची गोळी अजून आतच होती. आम्ही उठून स्वयंपाकघरात गेलो आणि तिने ती पाण्याबरोबर घेतली.