‘म्हाताऱ्याला पाडलं, त्यात काय मोठं?’

पुण्यातल्या बॉक्सिंगवाल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय आणि आमच्या क्लबमधली पोरं तो मान डोलावत पुढे पाठवतायत. त्याचा मथितार्थ असा: तरुण हेवीवेट बॉक्सर मोझेस इटाउमाने डिलियन व्हाइटला पहिल्याच राउंडमध्ये गुंडाळलं खरं, पण व्हाइट ३७ वर्षांचा, संपलेला माणूस. यूट्यूबर जेक पॉल आणि जुना जगज्जेता माइक टायसन यांच्या लढतीसारखाच हा तमाशा. खरा मुरलेला बॉक्सर समोर आला की पोरगा उघडा पडेल. जॉर्ज फोरमनने ४५व्या वर्षी तरुण जगज्जेत्या मायकेल मूररला झोपवलं तसंच. शिवाय याचा दम कुणी पाहिलाय?

हे मला अजिबात पटत नाही. उगवत्या बॉक्सरची पारख अशी केली तर पोरं बॉक्सिंग बघायलाच शिकणार नाहीत.

टायसनचं आधी निकालात काढतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये पॉलसमोर उतरला तेव्हा टायसन ५८ वर्षांचा होता आणि त्याची आधीची व्यावसायिक लढत २००५ सालची. राउंड दोन-दोन मिनिटांचे, ग्लोव्हज १४ औंसांचे. व्हाइट मात्र डिसेंबर २०२४ मध्ये लढून, जिंकून ऑगस्ट २०२५ मध्ये इटाउमासमोर रियाधला आला होता. या दोन लढती एका रांगेत बसत नाहीत.

आता वय. व्हाइट उतरणीला लागला होता, हे मान्यच. २०२२ च्या एप्रिलमध्ये तेव्हाच्या जगज्जेत्या टायसन फ्युरीकडून हरल्यावर तीन वर्षांत त्याच्या तीनच लढती झाल्या. माझ्या मते ३७ या आकड्यापेक्षा हा गंज जास्त महत्त्वाचा. वयच सगळं ठरवत असतं तर जुलै २०२५ मध्ये ३८ वर्षांच्या जगज्जेत्या उसिकने २७ वर्षांच्या ड्युबॉला पाचव्या राउंडमध्ये पाडलं नसतं. जुन्या बॉक्सरचं वय मोजण्यापेक्षा त्याचे पाय बघावेत, त्याने आजवर किती मार खाल्लाय ते बघावं.

पण व्हाइटला याआधी कुणी किती वेळात हरवलं होतं? जोशुआला सातवा राउंड लागला, फ्युरीला सहावा. पोवेत्किनने पाचव्यात अपरकटवर पाडलं, तेही चौथ्यात स्वतः दोनदा खाली पडून. इटाउमाला तीन मिनिटंही लागली नाहीत. व्हाइट उठला, पण पाय लटपटत होते, रेफ्रीने लढत थांबवली. म्हाताऱ्याला हरवणं सोपं असेल, पण असं हरवणं सोपं नसतं. जानेवारी १९८८ मध्ये २१ वर्षांच्या टायसनने ३८ वर्षांच्या माजी जगज्जेत्या लॅरी होम्सला चौथ्या राउंडमध्ये संपवलं. होम्स तेव्हा जवळपास दोन वर्षांनी रिंगमध्ये उतरला होता, तरी त्या विजयाला कुणी फुकटचा म्हणत नाही.

मेसेजमधला खरा वजनदार मुद्दा फोरमनचा. इटाउमाही मूररसारखाच डावखुरा, म्हणून तर त्याकडे नीट बघायला हवं. ५ नोव्हेंबर १९९४ ला लास व्हेगासमध्ये नऊ राउंड झाले तेव्हा फोरमन तिन्ही जजांच्या गुणकार्डांवर मागे होता. म्हणजे अनुभवाने त्याला लढत जिंकून दिली नव्हती, तो हरत होता. मूरर त्याच्या उजव्या हाताच्या टप्प्यात उभा राहिला आणि दहाव्यात त्याची किंमत मोजली. आम्ही क्लबमध्ये हे फरशीवर खडूने रेघ मारून दाखवतो. उजवा आणि डावखुरा समोरासमोर आले की दोघांचे पुढचे पाय (डावखुऱ्याचा उजवा, दुसऱ्याचा डावा) एकमेकांना भिडतात. ज्याचा पाय बाहेरच्या बाजूला, त्याचा मागचा हात सरळ मधून जातो. रेघेच्या आत राहिलेल्या डावखुऱ्याला समोरच्याचा उजवा हात आयताच बसतो. फोरमनच्या लढतीतून इटाउमाने शिकायचं ते हेच. अनुभवी माणूस तरुणाला हरवतोच, असं त्यातून मुळीच निघत नाही. पुढची लढत बघताना पोरांनी त्याच्या ठोशांआधी त्याचा उजवा पाय बघावा. थकल्यावरही तो पाय बाहेरच्या बाजूला पडतोय का?

राहिला दम. व्हाइटच्या लढतीपर्यंत इटाउमाच्या १३ लढतींपैकी ११ वेळेआधी संपल्या, उरलेल्या दोन सहा-सहा राउंड चालल्या. तेव्हा सहाच्या पुढचं कुणी पाहिलेलं नव्हतं, हे बरोबर. पण न पाहिलेली गोष्ट म्हणजे कमजोरी नव्हे. डिसेंबर २००४ चा जन्म, व्हाइटला हरवलं तेव्हा वीसच वर्षांचा. त्याला दहा-बारा राउंड खेळवणारा, मार खाऊनही पुढे येत राहणारा प्रतिस्पर्धी हवा, ही मागणी रास्त आहे आणि ती मीही करतो. ‘उघडा पडेल’ हे भाकीत मात्र त्यातून येत नाही.